‘इतर’ नावाच्या फोल्डरचा धनी कोण?

‘इतर’ नावाचा फोल्डर कुणी केला, त्यानं उभं राहावं. कुणी नाही? बरं. मग ‘इतर २’, ‘इतर नवीन’ आणि ‘इतर फायनल’ हे तिघंही आपोआपच जन्माला आले म्हणायचे.

उन्हाळाभर तुम्ही मंगळवार पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत घरं पालथी घातलीत. लोकांना माळ्यावरच्या ट्रंका खाली काढायला लावल्यात. नातवंडांना हात लावू न दिलेले फोटो म्हाताऱ्या माणसांनी तुमच्या हातात दिले. हजारावर फोटो स्कॅन झाले, पेढे वाटून झाले, स्टेटस ठेवून झालं. काल दुपारी मी त्या संगणकापुढं बसले आणि ‘रंकाळा’ असा शब्द टाकला. एकही फोटो आला नाही. ‘पंचगंगा’ टाकला, तोच प्रकार. ‘कुस्ती’ टाकल्यावर एक आला, तोही लग्नाच्या पंगतीचा. कारण फोटो देणारे गृहस्थ पैलवान होते आणि तुम्ही फाईलला ‘कुस्तीवाले’ असं त्यांचंच नाव दिलं होतं. कोल्हापुरात हजार फोटो गोळा करायचे आणि त्यात रंकाळा सापडू नये! असली करामत करायलासुद्धा डोकं लागतं, फक्त ते उलटं चालवावं लागतं.

रंकाळा आहे तुमच्याकडं. मी डोळे फोडून शोधला. ‘पावसाळा’ नावाच्या फोल्डरमध्ये संध्यामठ अर्धा पाण्यात उभा आहे. ‘आजोबांचे मित्र’ मध्ये आजोबांच्या मित्रांच्या मागं सगळा तलाव पसरलाय. फोटो स्कॅन केला म्हणजे तो जपला गेला, असं तुम्हाला वाटतं. अरे, ट्रंकेत होता तेव्हा घरातल्या निदान एका माणसाला तरी ठाऊक होतं की तो कुठल्या ट्रंकेत, कुठल्या साडीच्या घडीखाली आहे. तुम्ही तेवढंही शिल्लक ठेवलं नाहीत. शुद्ध पाट्या टाकल्यात.

आणि आता कुणी ‘बाई, हल्ली मोबाईलच फोटो ओळखतो’ हे तुणतुणं वाजवू नका. तुमच्यातल्या एकानं ते करून पाहिलं आणि काय निघालं ते मला माहीत आहे. उघडा तो फोटो. ‘महाराज शिकार ३’.

पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या, डाव्या कोपऱ्यात पाण्याचा डाग. काय दिसतंय ते सांगा. ‘महाराज.’ कुठायत महाराज? या फोटोत महाराज नाहीतच. एक फेटेवाला माणूस आहे, त्याच्या मनगटाला दोरीचा वेढा आहे. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जनावर बसलंय आणि जनावराच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेली आहे. मागं मोठ्या चाकांची घोड्यांची गाडी. जनावर कुठलं? मोबाईल म्हणतो बिबट्या, तुम्ही म्हणता वाघ. शाब्बास! पाय बघा त्याचे, कसे लांबलचक आहेत. छाती खोल, कंबर बारीक. अंगावरचे ठिपके भरीव आहेत, बिबट्याच्या अंगावर असतात तशी पोकळ फुलं नाहीत. टोपीखालून नाकाच्या कडेनं तोंडाकडं उतरणारी काळी रेघ दिसते का? दिसणार नाही, कारण तुम्ही फोटो नीट बघितलाच नाही, नुसता काचेवर उपडा टाकून बटण दाबलंत. तो चित्ता आहे. डोळ्यांवर टोपी चढवून त्याला माळावर न्यायचं, काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची आणि सोडायचं, हा शौक या संस्थानात वर्षानुवर्षं चालला. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरनं ते आफ्रिकेतून आणवले. मागची गाडी म्हणजे खडखडा. शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी २६ जूनच्या भाषणात टाळ्या घेत सांगता, आणि तोच खडखडा समोर आला की ‘जुनी गाडी’ असं लिहून मोकळे होता.

आता जरा पुढचा विचार करा. भारतातला चित्ता संपला असं १९५२ साली जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातले आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले. तेव्हापासून माणसं विचारतायत की आपल्याकडं चित्ते कोण सांभाळायचं, कसं सांभाळायचं, टोपी कशी होती, दोरी कुठं बांधायचे. त्यातला एखादा अभ्यासक उद्या तुमच्या दारात आला तर तो कुठला शब्द शोधेल? ‘चित्ता’. तुमच्या हजार फोटोंत तो शब्द एकदाही नाही. ‘महाराज शिकार ३’ पर्यंत तो बिचारा या जन्मात पोचणार नाही.

या एका फोटोला विषय किती ते मोजू. चित्ता. शिकार. चित्ते सांभाळणारे सेवक. घोड्यांची वाहने, त्यात खडखडा. जनावरांची साधने, त्यात डोळ्यांची टोपी. पेहराव, त्यात फेटा. काळवीट लिहू नका, ते फोटोत नाही. माळ दिसतो म्हणून ‘सोनतळी’ असंही ठोकून देऊ नका. माळ कुठलाही असू शकतो. स्थळाची जागा कोरी सोडा. कोरी जागा बघून पुढचा माणूस शोध घेईल. चुकीचं नाव बघितलं तर तो तेच पुढं छापेल, आणि छापलेलं एकदा गावात फिरलं की ब्रह्मदेव आला तरी पुसलं जात नाही.

‘पण बाई, एवढ्या विषयांपैकी फोटो ठेवायचा कुठल्या फोल्डरमध्ये?’ इथंच तुमचं घोडं पेंड खातं. फोटो एकाच जागी राहतो, विषय मात्र सहा असतात, हे कोडं ग्रंथपालांनी तुमच्या पणजोबांच्या काळात सोडवून ठेवलंय. १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर गावात आहे, त्याच्या दारावरून तुम्ही रोज गाडी उडवत जाता. कधी आत शिरून एखाद्या ग्रंथपालाला कार्डांचे खण कसे असायचे ते विचारलंत? वस्तूला नंबर द्यायचा आणि नंबरानं ती कपाटात ठेवायची. विषयांची कार्डं वेगळी, त्यावर तो नंबर. एका पुस्तकाची चार कार्डं चार खणांत जायची, पुस्तक मात्र आपल्या जागेवरून हलायचं नाही. तुमच्याकडं कार्डांऐवजी तक्ता आहे, एवढाच फरक. फोल्डर फक्त नंबरांचे ठेवा. विषय तक्त्यात लिहा, आणि फाईलच्या आत माहितीचे रकाने असतात त्यातही लिहा, म्हणजे फोटो कुठंही गेला तरी त्याची ओळख त्याच्या अंगावर राहील. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ही आतली माहिती गळून पडते आणि फोटोही आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे मी तुम्हाला शिकवायचं? मोबाईल कुणाच्या हातात जास्त असतो?

रंगनाथनांचं नाव ऐकलंय? १९३३ साली त्यांनी कोलन वर्गीकरण छापलं. कुठलाही विषय घ्या, त्याला पाच अंगांनी प्रश्न विचारा, असं त्यांचं म्हणणं: मुळात कोण किंवा काय, कशाचं बनलेलं, काय चाललंय, कुठं, आणि केव्हा. पुस्तकांसाठी केलेलं ते काम फोटोला चपखल बसतं. आपल्या देशातल्या माणसानं केलेलं हे काम जगभरच्या ग्रंथपालांनी अभ्यासलं, आणि तुम्ही ‘इतर फायनल’ करून बसलात.

चित्रांसाठीच केलेली वर्गवारीही आहे. हॉलंडात लायडन विद्यापीठातल्या हेन्री व्हान दे वाल यांनी ‘आयकॉनक्लास’ नावाची पद्धत उभी केली. चित्रात जे जे दिसू शकतं त्याचे दहा मोठे विभाग, शून्यापासून नवापर्यंत, आणि प्रत्येक आकड्याच्या पोटात अधिकाधिक बारीक आकडे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं चित्रांकरता सात हजारांवर विषयशब्दांची यादी बांधली. या दोन्ही बघा, पण तशाच्या तशा उचलून आणल्यात तर माझ्याशी गाठ आहे. आयकॉनक्लासमध्ये सात आकड्याचा अख्खा विभाग बायबलला आहे आणि नवाचा ग्रीक-रोमन पुराणांना. ज्यांची चित्रं त्यांच्यासमोर होती त्यांच्यासाठी ते ठीकच. तुमच्यासमोर चैत्रातल्या जोतिबाच्या सासनकाठ्या आहेत. गुऱ्हाळ आहे. तालीम आहे, साठमारी आहे. त्यांचे शब्द आपणच ठरवायचे. त्यांच्याकडून घ्यायची ती शिस्त: एका गोष्टीला एकच शब्द, मोठ्या विषयाच्या पोटात छोटा विषय, आणि सगळं एका यादीत लिहिलेलं.

शिस्त म्हणजे काय ते तुमच्याच ‘मिरवणूक’ फोल्डरवरून दाखवते. त्यात आश्विनातल्या पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला चाललीय. त्यात अष्टमीची नगरप्रदक्षिणा आहे. दसऱ्याचं सीमोल्लंघन आहे, मोहरमचे पंजे आहेत, गणपती आहे आणि कुणाच्या तरी मामाची वरात आहे. सगळ्यांना एकच पाटी. लक्ष्मीपुरीतला धान्याचा व्यापारी ‘दाणे’ अशी पाटी लावून ज्वारी, शाळू, तूर आणि शेंगा एकाच पोत्यात भरेल का? नुसतं ‘मिरवणूक’ लिहायला या घटकेपासून बंदी. ‘समारंभ’ आणि ‘कार्यक्रम’ यांनाही बंदी. ‘मिरवणूक’च्या पोटात ‘नवरात्र, त्र्यंबोली यात्रा’ असं लिहा. ज्याला सगळ्या मिरवणुका हव्यात त्याला सगळ्या मिळतील, ज्याला त्र्यंबोलीच हवी त्याला दीडशे वराती चाळाव्या लागणार नाहीत.

आता नावांकडं येते, कारण तिथं तुम्ही कळस केलाय. ‘राजाराम महाराज’ या फोल्डरमध्ये एका छत्रीचा फोटो आहे. मागं झाडी आणि नदीचा काठ. शेजारच्या फोटोत मोटारीजवळ उभे असलेले राजाराम महाराज. खाली तुमचा शेरा: ‘महाराजांची छत्री, बहुधा पंचगंगा.’ त्या ‘बहुधा’ला काठीनं झोडलं पाहिजे. ती छत्री इटलीत फ्लॉरेन्सला आहे, आर्नो नदीच्या काठी. विलायतेहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी जे राजाराम महाराज विशीतच तिथं वारले, त्यांचं ते स्मारक. मोटारीजवळचे राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांचे पुत्र, १९२२ साली गादीवर आलेले. आणि ताराराणींचे पती छत्रपती राजाराम हे आणखी तिसरे, त्यांच्या हयातीत फोटो नावाची वस्तू जगात नव्हती. त्यांची फक्त चित्रं असतील. तीन माणसं, दोनशे वर्षांचं अंतर, आणि फोल्डर एक! प्रिन्स शिवाजींचंही तुम्ही तेच केलंत. १९१८ साली गेलेला शाहू महाराजांचा तरुण मुलगा तुम्ही रायगडाच्या फोटोंशेजारी नेऊन ठेवलात. ताराबाईंची तर गोष्टच नको: मोगलांशी झुंजणाऱ्या ताराबाई आणि विसाव्या शतकात बडोद्याहून सून म्हणून आलेल्या ताराबाई तुमच्याकडं एकच आहेत.

उपाय काय? नावापुढं जन्ममृत्यूची सालं. राजाराम, १८५० ते १८७०. राजाराम, १८९७ ते १९४०. एकदा ठरलं की सगळीकडं तसंच, एकानं ‘श्रीमंत’ लावायचं आणि दुसऱ्यानं ‘छ.’ लिहायचं असं चालणार नाही. आदर मनात असतो, यादीत अचूकपणा लागतो. आणि त्या फ्लॉरेन्सच्या छत्रीला आणखी एक नाव जोडा: मेजर चार्ल्स मँट. छत्रीचा आराखडा त्याचा. आपला टाऊन हॉल त्याचा, नवा राजवाडाही त्याचा. मँटचा अभ्यास करणारा माणूस आला तर या इमारती एका झटक्यात त्याच्यासमोर यायला हव्यात. आज तुमच्याकडं टाऊन हॉल ‘बागेत सहल’ मध्ये आहे आणि राजवाडा ‘पाहुणे आले होते’ मध्ये.

गावातल्या जागांचीही नावं बदलली. तुम्ही फोटोमागचं वाचून ‘आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल’ लिहिलंत, त्याबद्दल शाबासकी. पण कोल्हापूरचा माणूस शोधणार ‘सीपीआर’. पॅलेस थिएटरचं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. शिवाजी चौकात आज महाराजांचा अर्धपुतळा आहे तिथं आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, आणि १९४२ च्या आंदोलनात जयाबाई हाविरे आणि भागीरथीबाई तांबट या दोन बायकांनी तो विद्रूप केला. त्या पुतळ्याचा फोटो तुमच्याकडं ‘इंग्रज साहेब’ या नावानं पडून आहे! आजचं नाव मुख्य ठेवा, जुनं नाव यादीत घालून त्यापुढं लिहा, ‘सीपीआर पाहा’. दोन्ही दारांनी माणूस एकाच खोलीत आला पाहिजे.

‘शिवकाल’ हा फोल्डर कुणाचा, ते विचारायची मला भीतीच वाटते. शिवकालाचे फोटो! ढाल-तलवारी घेऊन गडावर चढणारे मावळे, डोळ्यांत काजळ, चेहऱ्यावर रंग. लेकरांनो, ते बाबूराव पेंटरांच्या सिनेमाचे स्टिल फोटो आहेत. १९२३ चा ‘सिंहगड’ असावा, पण ‘असावा’ असंच लिहा, जोवर पोशाख आणि चेहरे जुळवून कुणी जाणकार सांगत नाही तोवर. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नाहीसे झाले. त्यांच्यातलं डोळ्यांना दिसण्यासारखं जे उरलंय त्यात हे स्टिल येतात. म्हणजे सिनेमाच्या इतिहासाला हे फोटो सोन्यासारखे आणि शिवकालाच्या इतिहासाला कवडीमोलाचे. म्हणून विषयाच्या आधी एक रकाना: ही वस्तू काय आहे? काचेची निगेटिव्ह, पुठ्ठ्यावरचा छाप, पोस्टकार्ड, सिनेमाचं स्टिल, पोस्टर, छापील चित्राचा फोटो. तो भरल्याशिवाय पुढं जायचं नाही.

सालाचं बोलू? ‘१८४०, कोल्हापूर, मोटारगाडी’. फोटो काढायची विद्या १८३९ साली पॅरिसला जाहीर झाली, आणि वर्षभरात ती कोल्हापुरात पोचली, येताना मोटारही घेऊन आली! फोटोच्या मागं ‘शके १८४०’ लिहिलंय. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, १९१८ येतं, फाल्गुनाकडचा असेल तर १९१९. शाळेत शिकवलं होतं. तुम्ही ‘शके’ हा शब्द गाळलात कारण रकान्यात फक्त आकडा बसत होता. इथून पुढं मागचा मजकूर आधी जसाच्या तसा उतरायचा, चुकीच्या शुद्धलेखनासकट, आणि तुमचा हिशोब शेजारच्या वेगळ्या रकान्यात. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तेही. ‘आजी म्हणाल्या’ ही चांगली नोंद आहे. ‘असं म्हणतात’ ही नोंदच नव्हे.

आणि मागची बाजू स्कॅन का केली नाही? वेळ नव्हता. पुठ्ठ्याच्या कडा कापून टाकायला मात्र वेळ होता. त्या कडेवरच फोटो काढणाऱ्या स्टुडिओचं नाव उठवलेलं असतं. ते कापून तुम्ही फोटोचा जन्मदाखलाच फाडलात. वर एकानं तर कॉम्प्युटरकडून रंग भरून घेतले! फेटा तांबडा, शालू हिरवा. कुणी सांगितलं तांबडा? यंत्रानं अंदाज केला आणि तुम्ही तो मूळ फाईलवर चढवून सेव्ह केलात. उद्या कुणी त्या काळच्या फेट्यांच्या रंगांवर लिहायला बसला तर तुमचा हा तांबडा पुरावा त्याच्या डोक्यात जाऊन बसणार. रंगीत खेळ खेळायचा तर वेगळ्या प्रतीवर खेळा आणि तिच्यावर ठळक लिहा. मूळ फाईलला हात लावलेला कुणी मला दिसला तर त्या दिवसापासून त्याचं संगणकाशी नातं संपलं.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र विसरला नसाल. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. तुमच्यातले कितीतरी जण तिथं उभे राहून रडले, आणि ते रडणं खरं होतं. पण रडून झाल्यावर काय? शंभर वर्षांपूर्वीची वास्तू पुन्हा उभी करायची तर आत काय कुठं होतं ते दाखवणारे फोटो लागतात. म्हणून परवा मी तुमच्या खजिन्यात ‘नाट्यगृह’ शोधलं. दर्शनी भाग मिळाला, रस्त्यावरून काढलेला, जो पोस्टकार्डावरही आहे. आतलं काही नाही. मग नेट धरून ‘सत्कार’ उघडलं. हार, नारळ, शाल, पुन्हा हार. आणि एका फोटोत सत्कारमूर्तींच्या डोक्यामागं बाल्कनीचा कठडा. अगदी स्वच्छ, गजांची नक्षी मोजून घ्यावी इतका. दुसऱ्यात रंगमंचाची कड आणि पडद्याच्या वरचा भाग. फोटो काढणाऱ्याला कठड्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला पाहुण्यांचे चेहरे हवे होते. ते पाहुणे कोण, हे आज घरच्यांनाही सांगता येत नाही. कठडा मात्र आज लाखमोलाचा झालाय. कुठल्या फोटोतली कुठली गोष्ट उद्या कुणाला लागेल ते काढणाऱ्यालाही कळत नाही आणि देणाऱ्यालाही. ते बघायचं काम तुमचं होतं. तुम्ही हार बघून ‘सत्कार’ लिहिलंत आणि चहाला गेलात.

म्हणून झाड दिसलं की ‘झाड’ आणि खुर्ची दिसली की ‘खुर्ची’ लिहीत सुटायचं का? तेही नको. कसोटी एकच: ही गोष्ट बघायला कुणी मुद्दाम एसटीनं कोल्हापूरला येईल का? रंकाळ्याच्या काठावरच्या साध्या झाडासाठी नाही येणार. राधानगरी धरणाच्या कामावर डोक्यावर पाटी घेतलेल्या बायकांसाठी येईल. तो फोटो आहे तुमच्याकडं, ‘धरण १’. दगड, पाणी, साहेब, टोपी असं सगळं लिहिलंय, आणि समोरच्या रांगेतल्या त्या बायकांबद्दल चकार शब्द नाही. नाव माहीत नाही हे मान्य. पण ‘स्त्रिया, बांधकाम मजूर’ लिहायला कुणाचं नाव लागतं? ते काम १९०८ च्या सुमारास सुरू झालं, १९१८ नंतर रखडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. फोटो कुठल्या टप्प्यातला आहे ते कदाचित त्या बायकांच्या लुगड्यावरून आणि साहेबाच्या टोपीवरून एखादी जाणकार बाई सांगेलही, पण तिला तो फोटो सापडला तर. राजाचं नाव प्रत्येक फोटोला चिकटवलंत. माहूत, खलाशी, चित्तेवाला, पाटीवाली, सगळे ‘इतर’. गंमत बघा, शाहू महाराजांच्या गावात बसून हे केलंत.

थोडं टायपिंगचं. ज्यानं नोंदी जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये केल्यात त्याच्या सगळ्या नोंदी शोधाच्या दृष्टीनं मुक्या आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला इंग्रजी अक्षरांचा चिवडा. सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि जोतिबा की ज्योतिबा, पन्हाळा की पन्हाळगड, हे वाद चहाच्या टपरीवर घाला; यादीत एक रूप मुख्य, बाकीची त्याला जोडलेली, रोमन अक्षरांतली स्पेलिंगंसुद्धा. अमेरिकेतली कोल्हापूरची मुलगी ‘रंकाळा’ मराठीत टाईप करणार नाही.

पुराचं मी फार बोलत नाही. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी गावात शिरलं, एकमेकांना चिकटलेली अल्बमची पानं लोकांनी उन्हात वाळत घातली होती, ती तुम्ही पाहिलीत. म्हणूनच तर हे काम काढलं होतं आपण.

उद्यापासून नवे फोटो आणायचे नाहीत. कुणी कितीही आग्रह केला, चहा पाजला तरी नाही. आधी आहेत ते मार्गी लावायचे. सकाळी साडेदहाला सगळ्यांनी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत यायचं. पहिले दोन तास संगणक बंद. विषयांची यादी आधी कागदावर होईल, प्रत्येक शब्दावर भांडण होऊ दे, मला चालेल. यादीची वही एकाकडंच राहील, आणि नवा शब्द घालायचा तर तो त्याला विचारून, सगळ्यांसमोर. मग प्रत्येकानं फोटो घ्यायचा, पाच मिनिटं नुसता बघायचा, भिंग घेऊन, आणि जे दिसतं ते शेजारच्याला तोंडानं सांगायचं. शेजारच्यानं लिहायचं. ज्याला बघताना कंटाळा येईल त्यानं खुशाल घरी जावं, मी नाव कापणार नाही, पण पुन्हा आतही घेणार नाही. ज्या घरांतून फोटो आणलेत तिथं परत जायचंय, तेव्हा या वेळी प्रश्नांची यादी बरोबर घ्या, मोबाईलचं रेकॉर्डिंग विचारून सुरू करा, आणि आजीबाई बोलत असताना मध्ये तोंड घालू नका.

मूळ फोटोवर काही लिहायची वेळ आलीच, तर फक्त मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, आणि फक्त नंबर. बॉलपेन घेऊन आलेला माणूस मला दारात दिसला तर त्याला तिथूनच परत पाठवीन. आणि येताना हात धुऊन या. मागच्या वेळी एका राणीसाहेबांच्या गालावर वडापावचं तेल होतं.